रिकाम्या पेटीचं ओझं

स्वातंत्र्याची लढाई जिंकून देणाऱ्या सेनापतींना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांचं दफनही दूर दक्षिणेत, त्यांच्या स्वतःच्या शेतावर केव्हाच उरकलं होतं. तरी ऑल्डरफोर्डच्या लोकांना चैन पडेना. राजाला हाकलून लावलेलं हे राष्ट्र अजून कोवळं होतं. इतक्या मोठ्या माणसाचा शोक कसा करायचा हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. मग बाकीच्या गावांनी केलं तेच यांनीही करायचं ठरवलं. एक रिकामी शवपेटी बनवायची, ती जुन्या सैनिकांनी खांद्यावरून न्यायची आणि प्रार्थना म्हणून, बंदुका झाडून टेकडीवरच्या दफनभूमीत रीतसर पुरायची. प्रेतच नाही आणि अंत्ययात्रा मात्र राजाला लाजवील अशी! हौसेला मोल नसतं म्हणतात, दुःखालाही नसावं.

पेटीला आतून काळं कापड लावायचं काम केझाया व्हीलॉककडे आलं, कारण तिच्याइतका बारीक टाका गावात कोणाचा नव्हता. सुताराच्या कारखान्यात पाइनच्या भुशाचा गोड वास भरलेला होता. बाहेर बर्फ पडत होतं आणि सुतार रमचा घोट घ्यायला गेला होता. केझायाने आजूबाजूला पाहिलं, शालीखालून एक जुना सदरा काढला, त्याची घडी कापडाखाली सरकवली आणि वरून टाके घातले.

सदरा असाहेलचा होता, तिच्या नवऱ्याचा. लग्नानंतर वर्षभरात तो लढाईवर गेला आणि इंग्रजांच्या हाती सापडला. न्यूयॉर्कच्या खाडीत सडक्या जहाजांवर कैदी कोंडून ठेवत, तिथे तो तापाने गेला, असा निरोप एका सुटून आलेल्या सोबत्याने आणला होता. मेलेल्यांना किनाऱ्यावरच्या चिखलात ढकलत, म्हणाला. या गोष्टीला वीसहून अधिक वर्षं लोटली. पाद्रीबाबांनी तिला कधीच मोकळी म्हटलं होतं. गिरणीवाला जोथम फिस्क, चांगला, शांत, विधुर माणूस, दोन हिवाळे तिच्या होकाराची वाट बघत होता. आड येत होती फक्त सासू. म्हातारी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, पण तोंडाने खमकी. “थडगं दाखव,” ती म्हणायची, “आणि खुशाल दुसरं घर कर. थडगं नाही तोवर माझा असाहेल वाटेवर आहे.” तिला टाकून जाणं केझायाच्या जिवावर येई, आणि राहणंही. म्हणून तिने ही शक्कल काढली. सेनापतींच्या नावाने का होईना, असाहेलची माती होईल. मग म्हातारीला सांगता येईल, टेकडीवर आहे तो, आई. आता मला जाऊ दे.

यात्रा दुपारी निघाली. पुढे काळं फडकं गुंडाळलेले ढोल, मागे सोळा राज्यांच्या नावाने पांढऱ्या झग्यातल्या सोळा मुली, थंडीने दात वाजत असलेल्या. मग स्वार नसलेला घोडा, आणि त्यामागे सहा जुन्या सैनिकांच्या खांद्यावर पेटी. त्यातला एक जोथम. बर्फ इतकं मऊ, इतकं सावकाश पडत होतं की सगळं गाव झोपेत चालल्यासारखं वाटत होतं. केझाया बायकांमध्ये होती. आपले पाय आपण उचलतोय की कोणी उचलून ठेवतंय, हे तिला कळेनासं झालं.

पुलावर खांदेकरी अडखळले. पेटी एका बाजूला कलली. एकाने गुडघा टेकला, पुन्हा उठला. “सकाळीच घेतलीय वाटतं,” मागून कोणीतरी कुजबुजलं. खांदेकऱ्यांतला म्हातारा सार्जंट घामाघूम चेहऱ्याने म्हणाला, “सेनापती खरंच आत आहेत की काय रे?” कोणी हसलं नाही. ढोल पाण्याखालून वाजल्यासारखे ऐकू येत होते. आणि केझायाला एक वास आला, ओहोटीच्या चिखलाचा, खारट, कुजका. समुद्र तिथून कित्येक दिवसांच्या वाटेवर होता.

तिने डोळे मिटून घेतले. यात्रा तिच्या घरावरून, म्हातारीच्या खिडकीखालून गेली तेव्हाही तिने ते उघडले नाहीत.

टेकडीवर सगळं यथासांग झालं. गोठलेली माती पेटीवर धबाधब पडली, बंदुका झडल्या, आणि केझाया इतकी रडली की शेजारणींना तिच्या देशभक्तीचं कौतुक वाटलं. तिला खरोखर हलकं वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने पोटभर श्वास घेतला. लोक खाणावळीकडे वळले, आणि जोथम तिला घरी सोडायला निघाला.

बराच वेळ तो खांदा चोळत चालत राहिला.

“केझाया,” शेवटी तो म्हणाला, “पेटीत काही होतं का?”

खोटं बोलावं असं तिला वाटलं नाही. ज्याच्याशी संसार करायचा, त्याच्यापासून काय लपवायचं? “सदरा होता. असाहेलचा.”

“सदरा...” त्याने मान हलवली. “पुलापासून ती जड झाली. मी लढाईत माणसं वाहिलीत गं. माणसाचं वजन मला कळतं.”

“मग टेकडीवर कशी चढवलीत?”

“टेकडी यायच्या आधीच हलकी झाली. एकदम. म्हणजे... गाडीतून कोणी उतरावं ना, तशी.”

“कुठे?”

जोथम थांबला. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तो तिच्या फाटकाकडे बघत होता.

धुराड्यातून दाट धूर निघत होता. सकाळी निघताना तिने निखारे राखेत झाकून ठेवले होते, आणि घरात लाकूड टाकायला कोणी नव्हतं. फाटकापासून दारापर्यंतचं बर्फ कोरं होतं. जोथम म्हणाला, मी येतो आत. ती म्हणाली, थांबा, आधी मी बघते. तिला भीती वाटत होती. आणि त्या भीतीच्या तळाशी दुसरंही काहीतरी होतं, जे तिच्या वयाच्या अठराव्या वर्षापासून कधी विझलंच नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

दार लोटलेलंच होतं. आत उबदार अंधार, खारट वास. फरशीवर पाणी. अंथरुणात कुशीवरही न वळणारी म्हातारी चुलीसमोर जमिनीवर बसली होती. समोर कोणीच नव्हतं. तिचे दोन्ही हात मात्र हवेत खालीवर होत होते, सावकाश, दमाने, गारठलेले पाय चोळावेत तसे. तळव्यांवरून पाणी निथळत होतं.

“दार लाव गं,” मान न वळवता ती म्हणाली. इतका मऊ आवाज केझायाने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. “पार गारठलाय.”

केझाया उंबऱ्यातच उभी राहिली. मागे फाटकापाशी जोथमच्या बुटांखाली बर्फ करकरलं.

म्हातारीचे हात थांबले. “तुझ्याबरोबर बाहेर कोण आहे?”

केझायाने चुलीसमोरच्या त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. जाळाची ऊब सगळ्या खोलीत पसरली होती. तेवढ्या जागेतून मात्र तिच्या अंगावर गार हवा येत होती, कोणी तोंडाकडे बघत बसावं तशी, एकसारखी.

“कोणी नाही, आई,” ती म्हणाली.

आत पाऊल टाकून, हात मागे नेऊन तिने दार लोटलं. अडसराला तिने हात लावला नव्हता. तो तिच्या पाठीमागे सावकाश सरकला, आणि बसला.