न वाजलेली शिट्टी

सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीतली निम्मी पाने पिवळी निघाली, एवढेच डॉ. शुभदा खानझोडे म्हणाल्या होत्या. आवाज चढवला नव्हता. तरी गोकुळपेठेच्या बाजारातली भाजीवाली शेजारणीकडे पाहून हसली आणि म्हणाली, "काय ताई, सकाळी सकाळीच भडका?"

मूळ शब्द क्षोभांक असा होता. तो शुभदाबाईंनी आठ वर्षांपूर्वी तीन कोश पुढ्यात ठेवून घडवला होता. वृत्तपत्रांनी महिन्याभरात त्याचा 'भडका' केला, आणि ज्या समाजाला तापमान आणि ताप यांतला फरक सांगावा लागतो त्याने तो आनंदाने उचलला. वस्तू साधी होती: गळ्याच्या हाडाखाली चिकटवायची एक टिकली. ती हृदयाच्या ठोक्यांमधले अंतर, त्वचेचा ओलावा आणि श्वासाची लांबी टिपते, आणि येत्या दहा मिनिटांत या माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटण्याची शक्यता शून्य ते शंभर यांतल्या एका आकड्यात सांगते. बास्केटबॉलच्या मैदानावरच्या हाणामाऱ्या टळाव्यात म्हणून ती केली होती. आता शाळांच्या प्रगतिपुस्तकात तिचा रकाना होता, वधूवर सूचक मंडळे तिचा दाखला मागत, आणि जिथे टिकली नसे तिथे माणसे एकमेकांचा आकडा नुसत्या अंदाजाने सांगत. अज्ञान जितके गाढ तितका अंदाज ठाम असतो, हे शुभदाबाईंना फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्या अज्ञानाला उपकरण आपण पुरवले, हे मात्र त्यांना अलीकडे सलू लागले होते.

त्यांनी पिवळी पाने तशीच पिशवीत टाकली आणि दुपारी दोनला गोंडवन क्लबच्या बंदिस्त मैदानात पोचल्या.

खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. गोंडवनच्या महिला संघाने सृजना मेंढे हिला घ्यावे की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. भंडाऱ्याची, सहा फूट एक इंच उंचीची ही मुलगी सामन्याला सरासरी चोवीस गुण करी. दोन हंगामांत पंचांनी तिला गैरवर्तनाचा दंड एकतीस वेळा दिला होता. शेवटच्या वेळी तिने गुणलेखकाच्या टेबलावर चेंडू आदळला, आणि पुण्याच्या संघाने तिला मोकळे केले. तिचा हंगामी क्षोभांक एक्क्याऐंशी होता. सत्तरच्या वरचा खेळाडू घ्यायचा तर मान्यताप्राप्त शास्त्रज्ञाने आकडा पडताळून सही करावी, असा महासंघाचा नियम होता. आणि लागोपाठ दोन मुदतींत कोणी घेतले नाही तर खेळाडूचे नाव नोंदीतून कायमचे जाई, असा दुसरा. सृजनाची ही दुसरी मुदत होती.

"या मॅडम," प्रशिक्षक वामन ठवकर म्हणाले. साठीचा, पिंपासारखा गृहस्थ. सलग तिसऱ्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाची सगळी उदासी त्यांच्या चेहऱ्यावर होती. "मले पोरगी पायजे. पण भेव वाटून राहिलं. माझ्या बारा पोरी कशा शांत आहेत. इतक्या शांत, का हरल्यावरबी शांत."

"मग भीती कशाची?"

"एक्क्याऐंशी म्हणजे चुलीवरचं दूध ना, मॅडम. मी दिवसभर फुंकत बसू, का शिकवू?"

"मला तिचा सराव सामना पाहायचा आहे," शुभदाबाई म्हणाल्या. "पंचाच्या मनगटावर पट्टी नको. फलकावर आकडा नको. आकडा फक्त माझ्या हातातल्या पडद्यावर येईल. आणि ती काहीही बोलली तरी शिट्टी वाजवायची नाही."

"काहीबी?"

"कोणी कोणाला मारले तर वाजवा. बोलण्यासाठी नको."

ठवकरांनी त्यांच्याकडे जरा संशयाने पाहिले. प्रत्येक पंचाच्या मनगटावर पट्टी असते, खेळाडूचा आकडा सत्तरच्या वर गेला की ती थरथरते आणि पंच सावध होतो, ही व्यवस्था याच बाईंच्या शोधावर उभी होती.

शुभदाबाईंनी त्यांना कारण सांगितले नाही, कारण ते सांगण्याजोगे नव्हते. रागाविषयी त्यांनी संस्कृत, ग्रीक आणि जर्मन ग्रंथ मुळातून वाचले होते. आपल्याच तक्त्यांचा शेवटचा रकाना मात्र त्यांनी गेल्या आठवड्यात प्रथमच नीट वाचला. त्यांच्या संग्रहात खेळाडू चिडल्याच्या चार हजारांवर नोंदी होत्या, आणि प्रत्येक नोंद एकाच जागी संपत होती: पंचाच्या शिट्टीशी. शिट्टी वाजली की खेळाडूला बाकावर पाठवत, आणि बाकावर बसणाऱ्याची टिकली नियमाप्रमाणे काढून घेत. राग कसा चढतो याचा एवढा मोठा संग्रह कदाचित जगात दुसरा नसेल. तो उतरतो कसा, याची त्यात एकही नोंद नव्हती. दहा मिनिटांचे भाकीत करणाऱ्या शास्त्राने दहा मिनिटांचा राग कधी पाहिलेलाच नव्हता.

सामना सुरू झाला. पंच म्हणून सहायक प्रशिक्षक धावत होता. सृजना लांब ढांगा टाकत, चेंडूकडे न पाहता खेळत होती. तिच्या हातून सुटलेला चेंडू जिथे जाई तिथे क्षणभराने कोणीतरी पोचलेले असे, आणि पोचणारीलाच त्याचे नवल वाटे.

अकराव्या मिनिटाला ती बास्केटकडे उसळली, आणि गोंडवनच्या कर्णधाराचे कोपर तिच्या बरगडीत बसले. आवाज शुभदाबाईंच्या खुर्चीपर्यंत आला. पंच पळतच राहिला. सृजना थांबली, वळली आणि त्याच्याकडे चालत गेली.

"दिसलं नाही काय? डोळे घरी ठेवून आले काय?"

पडद्यावर त्र्याऐंशी उमटले, मग एकोणनव्वद. बारा शांत पोरी जागच्या जागी थिजल्या. पंचाचा हात सवयीने शिट्टीकडे गेला आणि तसाच खाली आला.

"नाही दिसलं बाप्पा," तो बिचारा खरे तेच बोलला. "ठवकर सर आडवे आले."

सृजनाने ठवकरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, आणि त्यांचा घेर पाहता हे खोटे वाटण्याजोगे नव्हते.

"सर, तुम्ही आडवे आले तर मग सूर्यबी दिसणार नाही ना!"

बारापैकी कोणीतरी फिस्सकन हसले. मग सगळ्याच हसल्या, शेवटी ठवकरही. सृजना बरगडी चोळत जागेवर गेली. बहात्तर, अठ्ठावन्न, बेचाळीस. पुढच्या पाळीत ठवकरांनी दोघींना एका बाजूला घातले, तेव्हा पहिलाच चेंडू तिने ज्या कर्णधाराने कोपर मारले होते तिलाच दिला, आणि कर्णधाराने त्यावर गुण केला.

शुभदाबाईंनी वेळ मोजली. रागाच्या टोकापासून बेचाळीसपर्यंत एकोणीस सेकंद. सामन्यात ती आणखी तीनदा भडकली. सर्वांत लांबलेला राग एकतीस सेकंदांत उतरला. ती भांडखोर नव्हती असे नाही. ती भांडत होती, मोठ्याने आणि बहुतेकदा योग्य कारणासाठी, आणि मग ते संपत होते. एकतीस दंडांपैकी किती शिट्ट्या एकोणीस सेकंद थांबल्या असत्या तर वाजल्याच नसत्या, हा हिशेब शुभदाबाईंनी मनात सुरू केला आणि मध्येच सोडला. त्याचे उत्तर त्यांना सहन झाले नसते.

सव्वाचारला क्लबचे मालक चेतन राठी यांच्या खोलीत चौघे बसले. सृजना दाराजवळच्या खुर्चीत, मानेवर टॉवेल टाकून. शुभदाबाईंनी सगळे सांगितले.

"म्हणजे मॅडम, आकडा चूक आहे?" राठींनी विचारले.

"आकडा काटेकोर आहे. अर्थ चूक आहे. हिचा ताबा सुटेल असे तो सांगत नाही. कोणीतरी शिट्टी वाजवेल, एवढेच सांगतो. आणि शिट्टी वाजवणाऱ्याच्या मनगटावर आपण तोच आकडा बांधून ठेवला आहे. मग तो खरा ठरला यात नवल ते काय?"

"तर तुम्ही काय लिहिणार?"

"क्षोभांक ग्राह्य नाही, असे. आणि पट्ट्या काढून टाकाव्यात अशी महासंघाकडे हरकत."

राठी अदबीने हसले. "मग मला ही पोरगी नको."

"साहेब!" ठवकर अर्धवट उठले. "आता तर भेवच संपलं ना!"

"तेच तर. सर, गेल्या हंगामातल्या रिकाम्या खुर्च्या आठवतात ना? चोवीस गुण बघायला कोण येतं? लोक फलकावरचा आकडा चढताना बघायला येतात. माझी पोस्टरं छापून तयार आहेत: 'एक्क्याऐंशी येतेय.' एकोणीस सेकंदांत उतरणारा राग मी कोणाला दाखवू? तेवढ्यात समोसासुद्धा खाऊन होत नाही."

आपण एका भित्र्या माणसाची समजूत घालायला आलो आहोत, असे शुभदाबाई दुपारभर धरून चालल्या होत्या. समोरचा माणूस मुळी भ्यालेलाच नव्हता. त्याला दोष हवा होता, आणि तो प्रमाणित हवा होता.

"एक्क्याऐंशी लिहा, मॅडम," सृजना म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिले.

"सही करा. करार होऊ द्या. तुमची हरकत उद्या घ्या."

"आज मी खरा म्हणून सही केलेला आकडा उद्या मीच खोटा म्हटला, तर ती हरकत कोण वाचेल?" शुभदाबाई म्हणाल्या. "माझ्या शब्दाला किंमत आहे ती एवढ्यासाठीच, की मी आजवर खोटे लिहिलेले नाही. महासंघात साडेतीनशे मुली या पट्टीखाली खेळतात, सृजना."

"म्हणजे त्यांच्यासाठी मी घरी बसू?"

"मी तसे म्हटले नाही."

"मग काय म्हटलं? चूक तुमची, अन् घरी मी?" ती उभी राहिली. "तुमचा तो आकडा आला तेव्हापासून मला राग आला का मी आधी फलकाकडे पाहते. खरंच आला का म्हणून! बरगडी माझी दुखते, अन् दुखली का नाही ते फलक सांगते. आता तुम्ही म्हणता, चूक झाली. चूक झाली तर तुम्ही भोगा ना!"

शुभदाबाईंचा पडदा टेबलावर उघडाच पडला होता. सत्त्याहत्तर. चौऱ्याऐंशी. ठवकरांची नजर तिकडे गेली. राठींची गेली. आणि, आपण काय करतो आहोत हे कळायच्या आत, शुभदाबाईंचीही.

"मी बोलून राहिली," सृजना सावकाश म्हणाली, "अन् तुम्ही तिघं आकडा पाहून राहिले."

ठवकरांनी पडदा उपडा केला. खोलीत कोणीच कोणाकडे पाहिले नाही. ज्या बाईने एकोणीस सेकंद थांबायला अख्ख्या महासंघाला शिकवायचे ठरवले होते, तिला स्वतःला दोन सेकंद थांबता आले नव्हते.

मुदत संपायला वीस मिनिटे राहिली होती. शुभदाबाईंनी प्रमाणपत्राचा नमुना पुढे ओढला. आठ वर्षांच्या चुकीची भरपाई कोणाच्या तरी वाट्याला येणार होती: त्यांच्या नावाच्या किंवा या मुलीच्या खेळाच्या. यात निवडण्यासारखे फारसे काही नाही हे कळायला त्यांना इतका वेळ लागावा, याचा त्यांना संताप आला. त्यांनी रकान्यात एक्क्याऐंशी लिहिले आणि खाली सही केली. जाणूनबुजून लिहिलेला त्यांचा हा पहिला खोटा आकडा होता, आणि आजवरच्या त्यांच्या कोणत्याही लेखनावर कोणी इतक्या तत्परतेने विश्वास ठेवला नव्हता. राठींनी शाई वाळायच्या आत कागद उचलला.

सृजनाने आभार मानले नाहीत. दारात थांबून तिने विचारले, "हरकत घ्याल ना?"

"घेईन."

"कोणी वाचणार नाही म्हणून राहिल्या होत्या."

"नाही वाचणार. तरी घेईन. उद्याची वाटही पाहणार नाही."

"मग वाचेन मी," सृजना म्हणाली. "पाठवा मलेबी."

सव्वापाचला, करार नोंदला गेल्यावर, शुभदाबाई रिकाम्या मैदानाच्या कडेला एका खुर्चीत बसल्या आणि महासंघाच्या संकेतस्थळावर हरकत लिहू लागल्या. त्यांनी सगळे लिहिले: शिट्टीशी संपणाऱ्या नोंदी, पंचांच्या पट्ट्या, एकोणीस सेकंद, आणि अर्ध्या तासापूर्वी आपण केलेली सही खोटी आहे हेही. वाक्ये थंड आणि नेमकी उतरली. एकही विशेषण जास्तीचे नव्हते.

शेवटच्या पानावर एक सूचना आली. ती या हंगामापासून लागू झाली होती. उद्विग्न अवस्थेत केलेल्या हरकती विचारात घेतल्या जाणार नाहीत, अर्जदाराने टिकली लावून आपला क्षोभांक जोडावा, मर्यादा सत्तर.

शुभदाबाईंनी ती सूचना दोनदा वाचली. ती निर्दोष मराठीत होती. क्षोभांक हा शब्दही शुद्ध लिहिला होता. त्यांनी पिशवीतून नवी टिकली काढली, गळ्याच्या हाडाखाली दाबली आणि हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या. त्या कोणावर ओरडल्या नव्हत्या. पडद्यावर ब्याण्णव आले.

दहा मिनिटे झाली. एक्क्याण्णव.

थांबणे एवढेच आता हाती होते. हा राग कधीतरी उतरेल. पण ज्या दिवशी तो सत्तरच्या खाली येईल, त्या दिवशी हे पत्र पाठवलेच पाहिजे असे त्यांना वाटेल का?