वरवंडच्या समुद्रातलं विष

माऊली शिरूरला तुळजाबाईंच्या ओट्यावर येऊन बसला तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकचा डबा होता आणि डब्यात एक मेलेली कोलंबी.

"मावशी, खून झालाय."

हौशीराम हवालदार चहा पीत होता. खात्यात तीस वर्षं काढून रिटायर झाला, तरी खून म्हटलं की त्याचा हात अजून कमरेच्या पट्ट्याकडं जायचा. त्यानं डब्यात डोकावून पाहिलं आणि तो हात परत कपाकडं आला.

"ही तर तळून खायची," तो म्हणाला.

"तुमचं सगळं तळून खायचं," तुळजाबाई कडाडल्या. "पोराचा चेहरा बघा आधी. बोल रं."

तुळजाबाईंची शाळा चौथीत सुटली. सही करायची म्हटली तर आजही त्यांना खाली बसावं लागतं. पण तालुक्यात कुणाची मोटार चोरीला गेली, कुणाच्या घरात काही काळंबेरं झालं, तर लोक चौकीच्या आधी या ओट्यावर येतात. त्यांना अक्का म्हणणारा हवालदार जोडीला असतो, कारण घरी बसला तर बायको त्याला लसूण सोलायला लावते.

माऊली वरवंडचा. कुरकुंभला कंपनीत कामाला. बायको अनुपमा श्रीवर्धनची, समुद्राकाठी वाढलेली. लग्नाला दीड वर्ष झालं. दारासमोर हायवे, मागं ऊस. पोरगी कोमेजायला लागली. म्हणून तिनं घरात समुद्र करायचा ठरवला. छोटी काचेची टाकी, खारं पाणी, प्रवाळ, कोलंबी, गोगलगाई.

"आन् दर महिन्याला सगळं मरतंय. आज चौथी खेप," माऊली म्हणाला. "ती म्हणते घरातलंच कुणीतरी विष घालतंय. बॅग भरलीय. उद्या रविवार, तिचा भाऊ न्यायला येतोय. मावशी, ती गेली तर परत यायची न्हाई."

तुळजाबाईंनी डबा उन्हाला धरला.

"मासे मेले का?"

"न्हाई. दोन नारिंगी मासे हायेत. ते पहिल्यापासून ठणठणीत."

"चारी खेपंला?"

"व्हय."

"गाडी काढ," तुळजाबाई म्हणाल्या आणि पदर खोचला.

न्हावऱ्यावरून चौफुला, चौफुल्यावरून वरवंड. सगळ्या वाटेत हवालदार मागच्या सीटवरून मेलेली कोलंबी किती तास टिकते ते सांगत होता. कुणी ऐकलं नाही.

घर हायवेलाच लागून, जरा आत. पुढच्या खोलीत टाकी होती, देव्हाऱ्याच्या शेजारी. दोन्हींच्या मधे एक लाकडी खुर्ची. टाकीत निळा उजेड, त्यात दोन मासे मजेत फिरत होते आणि बाकी सगळं स्मशान. प्रवाळ चुन्यासारखे पांढरे पडलेले. खाली वाळूत गोगलगाई उताण्या. मागच्या कोपऱ्यात खडकाखाली वाळूला हिरवट छटा.

"ते हिरवं काय?" तुळजाबाईंनी विचारलं.

"शेवाळ असेल. मला आता काही कळत नाही," अनुपमा म्हणाली. तिचा आवाज रडून बसला होता, पण त्यात आता रडू नव्हतं, नुसता वैताग होता. "मावशी, मी काय काय करू? महिनाभर नुसतं पाणी फिरवत ठेवलं, एक जीव सोडला नाही. आरओच्या पाण्यात मीठ मोजून घातलं. पाणी उडालं की वरून गोडंच पाणी घातलं, कारण पाणी उडतं, मीठ खालीच राहतं. खारेपणा बरोबर, गरमी बरोबर. दर वेळी सगळं मेलं की जवळजवळ सगळं पाणी बदलते, नवे जीव आणते, आणि परत तेच! वहीत लिहून ठेवलंय."

वहीत चार तारखा होत्या. बारा ऑगस्ट, दहा सप्टेंबर, नऊ ऑक्टोबर, आठ नोव्हेंबर.

"पाणी कुठं ठेवतीस? सैपाकघरात तांब्याचा हंडा दिसला मला."

"त्यातलं थेंबभर नाही. कॅनमधून थेट टाकीत. कॅनला कुलूप आहे, किल्ली माझ्या मंगळसूत्रात." तिनं किल्ली दाखवली. "टाकीला तेवढं कुलूप नाही. काचेचं झाकण आहे, कुणीही उचलावं."

तुळजाबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून घेतलं आणि बोट फिरवत बसल्या. आज संकष्टी, अक्का चंद्रोदय बघतायत, हवालदारानं ताडलं. त्याला स्वतःला तर कधीची भूक लागली होती.

पहिली बोलावली थोरली जाऊ सारिका. ती ओला हात पदराला पुसतच आली.

"मी सांगते, मावशी. मला ती टाकी आवडत न्हाई. थंडीत पाण्याला हीटर, आन् मी गार पाण्यानं भांडी घासायची. पण मी बोलायचं ते तोंडावर बोलते. विष घालायला मला सवड कुठंय? घालायचंच असतं तर एकदाच सगळी टाकी उलथली असती!"

"एकदाच का?"

"दर महिन्याला थोडं थोडं करायला माझ्या अंगात तेवढा दम न्हाई."

हवालदाराला हे उत्तर फार संशयास्पद वाटलं. तो तडक गोठ्यात गेला आणि दहा मिनिटांत हातात पुडी नाचवत आला.

"अक्का, मिळालं! मोरचूद! सारिकाच्या नवऱ्याचा गोठा, तिथंच होतं!"

सारिकाचा चेहरा उतरला. अनुपमा झटकन उभी राहिली.

"बस खाली," तुळजाबाई म्हणाल्या. पुडी त्यांनी फिरवून पाहिली. "मोरचूद म्हंजी तांब्याचाच क्षार. आमचा बाप विहिरीत जराजरासा टाकायचा. गोगलगाई मरायच्या, मासे तसेच राहायचे. आन् एकदा आमच्या मेंढ्या त्याचं पाणी प्याल्या, चार मेल्या. पण हवालदार, ही गाठ बघा. कोळ्यानं घर बांधून पोरंबाळं केलीत हिच्यावर. वर्षात कुणी सोडली न्हाई." त्यांनी पुडी परत दिली. "मात्र आणलीत ते बरं केलंत."

चोर पकडला नाही ते नाही, वर शाबासकी कसली, हे काही हवालदाराला उमगलं नाही.

सासू रतनबाई आल्या त्या कुरकुरतच.

"पोरगी उद्या चालली, लोक मलाच नावं ठेवणार. मी त्या टाकीला हात लावत न्हाई. मला माझ्याच वस्तू सांभाळून होईनात. देव्हाऱ्यातले सासूबाईंचे तांब्याचे सात ढब्बू पैसे, तीन उरलेत. दर सणाला चिंचेनं घासून लख्ख करते, आन् सारिकाची पोरं खेळायला नेतात. ह्यांना सांगावं तर ह्यांचं भलतंच. सदऱ्याच्या बाहीला कोपरापर्यंत चुना फासून येतात, धुता धुता माझे हात गेले."

"कोपरापर्यंत?" तुळजाबाई म्हणाल्या.

"आता काय सांगू! म्हातारपण."

शेवटी सासरे, आबा. सर्जेराव नाव, वय पंच्याहत्तर, दौंडला रेल्वेत गँगमन होते. ते टाकीजवळच्या त्या खुर्चीत बसले. हवालदारानं पाहुणचार म्हणून तंबाखूची डबी पुढं केली.

"नको हवालदार. तोंड आलं तवापासून सोडली. सहा वर्षं झाली."

"रेल्वेत कुठं असायचात, आबा?" तुळजाबाईंनी विचारलं.

म्हाताऱ्याचे डोळे उजळले. "भीमेच्या पुलावर! गाडी पुलावर आली की लोक खिडकीतनं नाणी टाकायचे. निम्मी रुळातच पडायची. बाकीचे गँगमन चहा प्यायचे त्याचा. मी मात्र सगळी उचलून नदीत टाकायचो. पाण्याला दिलेलं पाण्यालाच जायला पायजे. पाण्याशी खोटं वागू न्हाई, बाई."

"समुद्र बघितलाय कवा?"

"न्हाई. हाच पहिला," आबा टाकीकडं बघत म्हणाले. "सुनंनं आणला."

तुळजाबाईंनी एकदा देव्हाऱ्याकडं आणि एकदा टाकीतल्या हिरव्या वाळूकडं पाहिलं.

मग त्यांनी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं.

"इथं विष हाय, पण वैरी न्हाई," त्या म्हणाल्या. "नीट ऐका. आन् मधे कुणी तोंड घालायचं न्हाई, सारिका तू तर मुळीच न्हाई. पहिली गोष्ट. मासे जगले, कोलंबी आन् गोगलगाई मेल्या. पाणी बिघडलं असतं, वीज गेली असती, तर मासेबी गेले असते. माशाला सोडून गोगलगाईला धरणारं विष मला ठाऊक हाय. तांबं. मोरचुदाची पुडी बंद, हंड्याचं पाणी टाकीत जात न्हाई. मग तांबं आलं कुठनं?"

त्यांनी अनुपमाची वही उघडली.

"दुसरी गोष्ट, तारखा. आज चतुर्थी. मागच्या तिन्ही खेपा अशाच, चतुर्थीच्या आसपास. म्हंजी दर खेपंला तीन दिवस आधी काय असतं? पुनव. पहिली खेप तर नारळी पुनवंनंतरची. पुनवंला कुणीतरी टाकीत काहीतरी घालतं. एकदाच न्हाई, दर महिन्याला. दावा धरून न्हाई, नेम धरून."

अनुपमानं मान वर केली.

"तिसरी. देव्हाऱ्यातले तांब्याचे चार पैसे गेले. खेपा किती? चार. सारिकाची पोरं नेती तर दिवस मोजून नेती का? आन् चौथी. आबांच्या बाहीला चुना. ज्या माणसानं सहा वर्षांपूर्वी तंबाखू सोडली त्याला चुना कशाला? आन् चुना बोटाला लागतो, कोपराला न्हाई. खारं पाणी वाळलं की असंच पांढरं उरतं. हवालदार, बाही वर करा. मागच्या कोपऱ्यात, हिरवी वाळू हाय तिथं."

हवालदारानं हात घातला. वाळूत बोटं फिरवली. एक, दोन, तीन, चार. ओल्या तळव्यावर चार जुने पैसे. तीन हिरवे पडलेले, चौथा अजून तांबूस.

"दर खेपंला पोरगी पाणी बदलायची, विष पातळ व्हायचं. तेवढ्यात रतनबाईंनी घासून लख्ख केलेला नवा पैसा यायचा."

आबा उभे राहिले.

"समुद्र घरात आला, बाई. त्याला रिकामं कसं ठेवायचं? पुनवंला त्याला भरती येते म्हणत्यात. मी पहाटं आंघोळ करून एकेक पैसा ठेवायचो. फेकला न्हाई कवा. वाळूत, देवापुढं ठेवावा तसा. म्हणायचो, तुझ्या काठची पोरगी हाय, तिला हितं करमू दे." ते हवालदाराच्या तळव्यावरच्या पैशांकडं वळले. "माझ्याच हातानं केलं व्हय गं सगळं?"

रतनबाईंनी तोंडाला पदर लावला. सारिका भिंतीकडं बघायला लागली.

अनुपमा टाकीपाशी गेली आणि मेलेल्या प्रवाळाकडं बघत राहिली. ती आता रडणार की ओरडणार, हवालदाराला कळेना.

"सगळं फेकावं लागणार," ती शेवटी म्हणाली. आवाजातला वैताग तसाच होता. "वाळू गेली, दगड गेले. तांबं दगडात मुरतं. मासे बादलीत काढायचे, टाकी घासायची, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा महिनाभर नुसतं पाणी बघत बसायचं. आबा, विचारायचं तरी एकदा! चार महिने मी वेडी झाले!"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस," आबा खाली मान घालून म्हणाले.

"म्हणालेच असते!"

मग तिनं हवालदाराच्या हातातले पैसे घेतले, पदरानं पुसले आणि आबांच्या तळहातावर ठेवले.

"पुढच्या पुनवेला दौंडला जाऊ. पुलावरून भीमेत टाका. शेवटी तीही समुद्रालाच मिळते."

"तुझ्या समुद्राला न्हाई मिळत," आबा म्हणाले. "ती उगवतीकडं जाते."

"मग तो समुद्र सांगेल माझ्या समुद्राला."

कोपऱ्यातल्या भरलेल्या बॅगेवर ठेवलेला फोन वाजला. तिचा भाऊ. अनुपमानं फोन उचलला, पलीकडचं ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अरे, उद्या कसं जमेल?" ती म्हणाली. "इथं अख्खा समुद्र उपसायचाय. तू ये. येताना दोन मोठ्या बादल्या आण."