साठ सायकलचं घड्याळ

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही. विजेचं काम करणाऱ्या माणसाला तो परवडत नाही, एवढंच. दिवा लागला तर त्याला कारण असतं आणि नाही लागला तरी असतं. ते कारण शोधून काढण्यावर गोरेगाव स्टेशनाजवळचं माझं दुकान चालत होतं, आणि चांगलं चालत होतं.

छप्पन सालच्या भाद्रपदात डॉसन नावाचा एक अमेरिकन दुकानात आला. बोरीवलीच्या डोंगराच्या पायथ्याशी त्याच्या कंपनीचं जमीन तपासण्याचं काम चाललं होतं. बंगला, हॉटेल त्याला मानवत नसे. त्याने हॉलंडात एक कॅरॅव्हॅन विकत घेतली होती आणि बोटीने मुंबईला आणली होती. कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, कपाटं, खिडक्यांना पडदे, सगळं ऐटीत. अडचण एकच होती. गाडी युरोपची आणि साहेबाचा सगळा संसार अमेरिकेचा. त्याचा फ्रिज, पंखा, दाढीचं यंत्र, तबकडीचा बाजा, सगळं एकशे दहा व्होल्टचं. वीज द्यायला लष्कराच्या भंगारातला अमेरिकन जनरेटर त्याने मिळवला होता. दोन माणसांनी ही गाडी पाहून नकार दिला होता म्हणे. नाचता येईना, अंगण वाकडं. मी त्याच दिवशी हो म्हणालो.

काम तसं सरळ होतं. व्होल्टेज निम्मं झालं की तेवढ्याच कामाला करंट दुप्पट लागतो, म्हणून जुन्या बारीक तारा काढून जाड घालायच्या. बल्ब बदलायचे, चपट्या पिनांचे सॉकेट बसवायचे, फ्यूज नवे. माझ्या जोडीला सहदेव होता. हा मूळचा मालवणकडचा. गिरणीत वायरमन होता, तिथून मीच त्याला फोडून आणला. मालाडच्या चाळीत बायको सुलक्षणाबरोबर राहायचा, आणि मला सख्ख्या भावापेक्षा जवळचा होता. आमची एक रीत होती. कुठल्याही बोर्डावर हात घालण्यापूर्वी मी मेन बंद करायचो, चिनीमातीचा फ्यूज उपसून खिशात टाकायचो आणि मोठ्याने सांगायचो, "फ्यूज माझ्या खिशात आहे. लाव हात." हे शब्द ऐकल्याशिवाय सहदेव तारेला शिवत नसे. ऐकले की डोळे मिटून शिवत असे.

राहता राहिलं एक घड्याळ. पलंगासमोरच्या भिंतीत ते पक्कं बसवलेलं होतं, विजेवर चालणारं, पांढऱ्या तबकडीचं. मी त्याला छोटा ट्रान्सफॉर्मर जोडून व्होल्टेजची सोय केली. पण असं घड्याळ विजेच्या सायकलींवर, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट वाहते त्यावर, चालतं. ते बनवलेलं पन्नास सायकलसाठी, आणि अमेरिकन जनरेटर साठ सायकलचा. म्हणजे ते पुढे पळणार, तासाला बारा मिनिटं. मी साहेबाला हिशेब करून दाखवला. फ्रिजसाठी जनरेटर रात्रंदिवस चालू राहिला तर अडीच दिवसांत हे घड्याळ एक पूर्ण फेरी पुढे जाईल, आणि त्या घटकेला अगदी बरोबर वाटेल. बरोबर दिसेल तेव्हाच ते सगळ्यात जास्त चुकलेलं असेल. साहेबाला भारी गंमत वाटली. राहू दे तसंच, म्हणाला.

जनरेटर आम्ही दूर, एका उंचवट्यामागे ठेवला होता. गाडीत बसलं की त्याचा आवाज जेमतेम यायचा.

पहिली गोष्ट घडली ती अशी. खिडक्या बंद करून मी आत सॉकेटचे स्क्रू पिळत होतो. छपरावर पाऊस वाजायला लागला. हस्ताचा पाऊस तो, कधीही येतो. बाहेर तारांची बंडलं उघडी पडली होती म्हणून धावत दार उघडलं. बाहेर लख्ख ऊन. जमीन कोरडी, आणि सहदेव चिंचेखाली विडी ओढत बसलेला. उन्हाने पत्रा तडतडला असेल, असं म्हणून मी पुन्हा आत गेलो. थोड्या वेळाने आभाळ भरून आलं आणि बंडलं भिजली ती भिजलीच. योगायोग, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी बाहेरून सहदेवची हाक आली. "चाय घेतंस मां रे, शाम्या?" मी घेतो म्हणालो. चहा काही येईना. दार उघडून पाहिलं तर सहदेव पार उंचवट्यापाशी, पाठमोरा. मी हातातलं काम संपवलं आणि भिंतीला टेकलो, तेवढ्यात दाराशी पावलं वाजली आणि तोच आवाज, तेच शब्द. किटली हातात घेऊन उभा होता. मघाशी हाक मारलीस का, असं विचारलं तर म्हणाला, मघाशी तर किटली पण नव्हती माझ्याकडे.

त्यानंतर मी लक्ष ठेवू लागलो. घाबरलो नव्हतो, उलट हुरूप आला होता. ज्याला कारण नाही असं काही माझ्या पाहण्यात नव्हतं, आणि हेही कारण मी काढणार होतो. पत्र्याची पोकळी असेल, डोंगराचा पडसाद असेल. मात्र पडसाद नंतर येतो, आधी येत नाही, हे मला कळत होतं. एवढं लक्षात आलं की जनरेटर बंद असला की काही ऐकू येत नाही, आणि घड्याळ जितकं पुढे गेलेलं असेल तितकं पुढचं ऐकू येतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी काम संपलं. जनरेटर कित्येक दिवस बंद झाला नव्हता. डॉसन डोंगरावर गेला होता आणि सहदेव पूजेसाठी झेंडू आणायला स्टेशनाकडे. मी आत पलंगावर बसलो, पडदे ओढले आणि घड्याळाकडे पाहिलं. माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ते काट्याला काटा जुळत होतं.

बाहेर कुणीतरी बोललं. आवाज ओळखायला मला वेळ लागला, कारण आपला आवाज आपल्याला बाहेरून ऐकायची सवय नसते. तो माझा होता.

"फ्यूज माझ्या खिशात आहे. लाव हात."

मग धप्पकन काहीतरी पडलं.

मग बराच वेळ काही नाही. मी उठलो नाही, मला उठवेना. नंतर अगदी जवळ विहिरीचा रहाट कुरकुरू लागला. एका वळशाला लांब कुरकुर, दुसऱ्याला तुटक. या माळावर विहीर नव्हती, पाणी साहेबाच्या जीपमधून येत होतं. रहाट मध्येच थांबला. बादली आत पडल्याचा आवाज आला, आणि एक बाई रडू लागली. तो गळा मी चांगला ओळखत होतो. सुलक्षणेच्या हातची भाकरी मी आठवड्यातून दोनदा खात होतो.

तेव्हा मात्र मी घाबरलो. दार उघडायला दोनदा कडी चाचपावी लागली. बाहेर काहीच नव्हतं, चिंचेवर नुसते पोपट होते.

सहदेव आल्यावर मी त्याला माझ्या आवाजाचं आणि पडण्याचं सांगितलं. तो हसला. म्हणाला, उन्हात उपाशी बसतोस, दुसरं काय होणार. रडण्याचं आणि रहाटाचं मी बोललो नाही. ज्याच्या बायकोचं रडणं ऐकलं त्यालाच ते कसं सांगायचं? सणाच्या तोंडावर असलं अभद्र आमच्यात कुणी तोंडातून काढत नाही.

पण माझा बेत पक्का होता. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारं पूजेला लावली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. काम नाही म्हणजे बोर्ड उघडणं नाही, आणि ते वाक्य तर मी काही झालं तरी उच्चारणार नव्हतो. मी न बोललेलं वाक्य घडणार कसं?

सकाळी मी स्वतः जनरेटर बंद केला. फ्यूज उपसला, आणि खिशात न टाकता पाटावरच्या तांबड्या फडक्यावर ठेवला. शेजारी पक्कड, पेचकस, ड्रिल, टेस्टचा दिवा. सहदेवने सगळ्यांना कुंकू लावलं, झेंडू वाहिले, नारळ फोडला. डॉसन हॅट काढून उभा होता. पूजा झाल्यावर प्रसाद खाऊन तो जीपने निघून गेला.

सहदेव ओल्या कुंकवाची वाटी घेऊन गाडीकडे वळला. फ्यूजबोर्ड दाराशेजारी बाहेरच्या अंगाला होता. त्याने झाकण उघडलं. यंत्राला कुंकू लावायचं ते जिथे त्याचा जीव असतो तिथे, अशी त्याची समजूत. फ्यूज काढल्यामुळे पितळेची टोकं उघडी होती.

ओलं बोट पुढे नेऊन तो थांबला. वळून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांची सवय.

मी तोंड घट्ट मिटून मान हलवली. नको.

गाडीचं दार बंद होतं. आत कुणी नव्हतं. तिथून माझा आवाज आला.

"फ्यूज माझ्या खिशात आहे. लाव हात."

सहदेवने बोट पुढे केलं.

मी सदरा धरून त्याला मागे ओढलं. दोघेही धप्पकन पडलो. कुंकू सगळं मातीत.

"अरे, तूच बोललंस मां?" तो म्हणाला.

मी पाटावरचा टेस्टचा दिवा उचलला आणि त्याच्या तारा पितळेच्या टोकांना लावल्या. जनरेटर थंड पडला होता, फ्यूज देवापुढे होता, आणि दिवा भक्कन पेटला.

सहदेवला त्याचं फार काही वाटलं नाही. पूजेतलं हत्यार मी उचललं याचाच त्याला राग आला, आणि तो दिवसभर माझ्याशी धड बोलला नाही. मला त्या रागाचंही कौतुक वाटलं. तो माझ्यासमोर चालता बोलता होता आणि माझा हिशेब जिंकला होता. आवाज ऐकला तसा आला, पडणंही झालं, फक्त मेलं कुणी नाही. रडणं तेवढं खोटं ठरलं. त्या माळावर विहीर नव्हतीच.

दिवाळीनंतर मी खानदेशात एका जिनिंग कारखान्याच्या कामाला गेलो आणि परतायला मार्गशीर्ष उजाडला. दुकानात सहदेवची चिठ्ठी होती. डॉसनची अचानक बदली झाली होती. जाताना तो गाडी आणि जनरेटर दोन्ही सहदेवला देऊन गेला होता. सहदेवने मालाडची खोली सोडली होती आणि चारकोपला एका वाडीत जागा मिळवली होती.

मी तसाच निघालो. चारकोपला तेव्हा वीज नव्हती, नुसती शेतं आणि माडाची झाडं. वाडीच्या टोकाला ती गाडी उभी होती. दाराला आंब्याचं तोरण, खिडकीत तुळशीचा डबा. सुलक्षणा हसत बाहेर आली. भावजी, पंख्याखाली झोपतो आम्ही, साहेबासारखे, म्हणाली. चहा ठेवते म्हणून तिने बादली उचलली आणि माडाच्या पलीकडे गेली.

घरामागे जनरेटर चालू होता. उघड्या दारातून मला ते घड्याळ दिसलं. मी मनगटावर पाहिलं. काट्याला काटा जुळत होता.

सहदेव आतच होता, हातात पेचकस. फ्यूजबोर्ड त्याने बाहेरून काढून पलंगाशी आणून बसवला होता आणि आता तो उघडून बसला होता. घड्याळ कधी लावलंस, मी विचारलं.

"मी काय्येक करूक नाय," तो म्हणाला. "आपसूक बरोबर झाला."

माडाच्या पलीकडे रहाट कुरकुरू लागला. एका वळशाला लांब कुरकुर. दुसऱ्याला तुटक.

मी धावत मागे गेलो. जनरेटर बंद केला, त्याच्या मेनचा फ्यूज उपसला, खिशात टाकला. तो मांडीला गार लागला. तिथूनच जिवाच्या आकांताने ओरडलो, "सहदेव, हात लावू नको."

"असा काय करतंस?" आतून त्याचा हसरा आवाज आला. "आताच बोललंस मां, लाव म्हणून?"

माडाच्या पलीकडे रहाट थांबला.