जीपवाल्यांच्या अर्जातलं पहिलं वाक्य

त्या दिवशी माझी एसटी चुकली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. भादव्यातली बारीक झिमझिम, एका हातात तपासलेल्या वह्यांची पिशवी, दुसऱ्या हातात काडी मोडलेली छत्री... आणि आर्णीच्या स्टँडवर एकच काळीपिवळी जीप. म्हातारी, थरथरणारी. मी पुढच्या सीटवर बसले, ड्रायव्हरनं चावी फिरवली, आणि असा काळा धूर उठला की मला ठसकाच लागला.

“गाडी चालवता की डास पळवता?” मी खोकत विचारलं.

“धूर निघून राह्यला म्हन्जे गाडी चालू हाये, म्याडम.” तो हसला. पुढचा एक दात जरासा वाकडा होता, आणि तो त्याला शोभत होता.

“मी विज्ञान शिकवते.”

“तरीच! मले वाटलं, नुसत्या भांडता.”

त्याचं नाव धम्मरत्न, हे मागे बसलेल्या लालीबाईंनी मला न विचारताच सांगून टाकलं. घाटंजीच्या बाजाराला जाणाऱ्या लालीबाईंना सगळ्यांचं सगळं ठाऊक असायचं.

दुसऱ्या दिवशी एसटी वेळेवर आली. मी ती जाऊ दिली. का, ते विचारू नका.

माझी शाळा घाटंजी रोडवर, वीस मिनिटांवर. त्या वीस मिनिटांत आम्ही गाण्यांवरून भांडायचो, काचेवरून भांडायचो, धुरावरून तर रोजच. एकदा पाहिलं, तर माझ्या पायापाशी पत्र्याच्या ज्या भोकातून धूर आत यायचा, ते तरटानं गच्च बुजवलेलं.

“हे कशाला?”

“उंदीर येत होते.”

“चालत्या गाडीत?”

“हो ना... आर्णीचे उंदीर लई हुशार हायेत, म्याडम.”

मागून लालीबाई खुदकन हसल्या. “छोरी, तुले एक सांगू? स्टँडवर गाड्या नंबरानं लागते. याचा नंबर नऊ वाजताच येऊन जाते. तू येतं साडेनवाले. रोज दोन गाड्या पुढं काढून देते हा पोट्टा, काहून देते ते तूच समज.”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो एकाएकी रस्त्याकडे फारच मन लावून बघायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. त्या दिवशी आम्ही भांडलो नाही.

दिवाळीआधी बातमी आली — जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर. कर भरल्याशिवाय पासिंग नाही, आणि पासिंग नाही तर स्टँडवर उभं राहायचं नाही. अख्ख्या स्टँडात सगळ्यात जुनी जीप धम्मरत्नची, आणि कर भरायला त्याच्याकडे पैसे नव्हते. स्टँडचे पुढारी हिरासिंग कोरा कागद घेऊन माझ्यापाशी आले.

“म्याडम, तहसीलवर मोर्चा नेऊन राह्यलो. अर्ज लिहून द्या. मास्तरनीचं अक्षर साहेब लोक वाचते.”

“मी नाही लिहिणार,” मी म्हणाले. “मला हा कर चुकीचा वाटत नाही.”

धम्मरत्न हळूच माझ्याकडे वळला. “चुकीचा नाही?”

“माझ्या वर्गात चार लेकरांना दमा आहे. त्यांना मी काय सांगू?”

“आन माह्या मायले मी काय सांगू? गाडी गेली तर मले पुण्याले जा लागन, कंपनीच्या बसवर. हेच सांगू?”

पुणं! पण बोललेला शब्द मागे घेईन, तर मी मोनाली कसली? पिशवी उचलली आणि एसटीत जाऊन बसले.

चार दिवस एसटीनं गेले. धूर नाही, ठसका नाही, भांडण नाही... आणि जीव रमेना. खिडकीतून कापसाची शेतं मागे पळत होती आणि मी विचार करत होते. धम्मरत्नची जीप काही आर्णीत जन्माला आली नव्हती. नागपूरच्या कुण्या साहेबानं तिला दहा-बारा वर्षं राबवलं, मग विकली. शहरात थकलेल्या गाड्या आमच्याकडे नांदायला येतात. गावच्या बाळंतिणीला दवाखान्यात नेते तीही हीच. कापसाला भाव नाही, तर जीपला सवारी नाही. मग नवी गाडी घ्यायची कशानं? धूर वाईट, हे माझं मत बदललं नव्हतं. पण त्याची शिक्षा शेवटच्या माणसानं एकट्यानं भोगायची, हे काही मला पटेना.

पाचव्या दिवशी मी स्टँडवर गेले. “लिहिते. पण खरं तेच लिहीन.”

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मी लिहायला लागले. पहिलं वाक्य लिहिलं — ‘आमच्या गाड्या धूर करतात आणि तो आमच्याच लेकरांच्या छातीत जातो, हे आम्हाला मान्य आहे.’ पुढे मागण्या : दोन वर्षांची मुदत, इंजिन बदलायला मदत, गावांना जादा एसटी.

“हे तं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेनं झालं!” हिरासिंग ओरडले.

धम्मरत्ननं कागद दोनदा वाचला. “खरं हाये हे?” त्यानं मला हळू विचारलं.

“तूच सांग. भोक कशासाठी बुजवलंस?”

मी त्याला ‘तू’ म्हणाले, हे आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. त्यानं कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

मोर्चाच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून तहसीलसमोरच्या लिंबाखाली उभी होते. आवाज खणखणीत म्हणून अर्ज वाचायचं काम धम्मरत्नकडे होतं. ‘पहिलं वाक्य सोडून दे,’ असं हिरासिंगनी त्याला बजावलेलं. तो पायरीवर चढला, माझ्याकडे एकदा पाहिलं... आणि पहिल्या वाक्यापासूनच वाचायला लागला. घोषणा थांबल्या. काही ड्रायव्हर उठून चालते झाले.

साहेबांनी अर्ज वर पाठवतो म्हणून सांगितलं. कर मात्र तसाच राहिला. ‘यानंच कबुली दिली म्हून गेलं सारं,’ असं म्हणत स्टँडवाल्यांनी धम्मरत्नचा नंबर काढून टाकला. त्याची जीप भंगारात गेली. महिनाभर तो मला दिसला नाही. मग लालीबाईंकडून कळलं, कापसाच्या जिनिंगमध्ये हमालीला जातो.

दुपारच्या सुटीत मी जिनिंगच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. तो बाहेर आला. भुवयांवर, केसांत कापूसच कापूस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“कायले आल्या?”

“माफी मागायला. माझ्या वाक्यानं तुझं सगळं गेलं.”

“गाडी करानं गेली. वाक्य मी वाचलं, माह्या मनानं. अजूनबी म्हनतो, कर चुकीचा हाये.”

“आणि मी म्हणते, बरोबर आहे.”

दोघांनाही हसू फुटलं. मग तो गंभीर झाला. “सोमवारी पुण्याले चाललो. तब्येतीले जपजो.”

एवढंच? माझी शाळेतली भाषा कुठल्या कुठे गेली. “आन मले नाही इचारलं?”

“काय इचारू, मोनाली? गाडी नसलेल्या मानसाले कोनी पोरगी देत नाही.”

“देनारे कोन हायेत? मी काय कापूस हाये, काट्यावर मोजून द्याले? मी सोता म्हनते, मले तुह्याशीच लग्न कराचं हाये. पुण्याले जाच्या आधी, रविवारी घरी ये. बाबा इचारतीन, काय हाये तुह्यापाशी.”

“मंग... काय सांगू?”

“खरं सांग.”

त्यानं भुवयांवरचा कापूस पुसला. “गाडी नाही. स्टँडवर जागा नाही. मोनाली मले आवडते आन मी तिले आवडतो... एवढंच हाये. चालन?”

“चालन,” मी म्हणाले, आणि रांगेतल्या सगळ्या गाडीवाल्यांसमोर त्याचा हात धरला.