तिसरी हाक

उद्या पहिल्यांदाच डोंगरात मुक्कामाला निघालेल्या पोरांना व्यंकटकाकांनी जेवणं झाल्यावर अंगणात बसवून सांगितलेली ही हकिकत. "माझ्या चुलतभावाच्या पोराची, देविदासची हाय. खोटी वाटली तर मुदखेडला जाऊन त्यालाच विचारा."

शनिवार, तीस नोव्हेंबर २०२४. अमावस्या. कॉलेजात शिकवणारा देविदास आठ नवख्या पोरापोरींना घेऊन किनवटकडच्या सागाच्या जंगलात निघाला होता. निघताना त्यातल्या अयोध्या नावाच्या पोरीच्या आईनं, चांगुणाबाईनं, त्याला अडवलं होतं. "सर, एकुलती एक हाय. जशी नेली तशी आणा."

पायथ्याशी देविदासनं शब्द शिकवले. सगळ्यात पुढं चालतो तो लीड. सगळ्यात मागं राहतो तो शेपूट. लीडनं "शेपूट?" अशी हाक मारली की शेपटानं ओ द्यायची, म्हणजे सगळे आले. आणि वाट चुकली तर जागचं हलायचं नाही.

अयोध्या धीराची, म्हणून तिला शेपूट केलं. बरोबरच्या लखनला तेवढंच पाहिजे होतं. "शेपटे, माश्या हाकल गं आमच्या!"

अंधार पडला आणि पंचाईत झाली. दोन हाका गेल्या तरी अयोध्या गप्प. तिसरीला ओ.

"चालता चालता झोपतेस का?"

"न्हाई सर. अंधारात तिसऱ्या हाकेबिगर ओ द्यायची न्हाई, माय म्हणते. पहिल्या दोन कुणाच्या असतील, काय नेम?"

"विज्ञान शिकतेस ना तू? इथं पहिल्याच हाकेला ओ द्यायची."

ती पुन्हा रांगेच्या मागं गेली.

पुढं दुफाटा लागला. डावी वाट धरून थोडं वर गेल्यावर देविदासनं हाक मारली. "शेपूट?"

"ओ."

पहिल्याच हाकेला. पोरगी सुधारली, म्हणून तो मनातून खूश झाला.

पावणेआठला माळावर तंबू उभे राहिले. चूल पेटली. देविदास चहाचे पेले वाटत गेला. आठवा त्यानं मागं अंधारात धरला. कुणीतरी तो घेतला.

"दमलीस का गं?"

...

"अयोध्या?"

"ओ."

पहिल्याच हाकेला.

त्यानं टॉर्च फिरवला. दगड. दगडावर पेला. माणूस... नव्हतं.

"लखन, इथून कुणी हलायचं नाही."

तो पळत सुटला. उतार. काटे. हाक मारायला तोंड उघडलं... आणि मिटलं. ओ आली तर? कुणाची?

अयोध्या दुफाट्यावर बसली होती. बुटाची नाडी बांधायला थांबली, तेवढ्यात सगळे पुढं गेले. कोणती वाट, कळेना. शिकवल्याप्रमाणं ती जागची हलली नव्हती. दात वाजत होते.

"तुमची हाक ऐकली सर. एकच. मी दुसरीची, तिसरीची वाट बघून राहिले." तिला रडू फुटलं. "तुम्ही पुन्हा मारलीच न्हाई."

देविदासनं आपला स्वेटर काढून तिच्या अंगावर घातला.

दोघं वर आले तेव्हा दहा वाजून गेले होते. चूल विझली होती. सात पेले धुऊन पालथे घातलेले. आठवा त्याच दगडावर, काठोकाठ भरलेला. ओतून टाकावा म्हणून देविदासनं तो उचलला.

बोटांना चटका बसला.