मागच्या बाजूचा ओरखडा

जिन्याच्या वळणावर दोघांची गाठ पडली आणि कुणालाच पुढे सरकता येईना. मध्ये गिटारची पेटी होती. त्यानं ती दोन्ही हातांवर आडवी घेतली होती, झोपलेलं मूल न्यावं तशी.

"गिटार तपासून देतात ते दुकान वरच ना?"

"वरच. पण बंद आहे. तपासणारी जेवायला चाललीय."

"कधी येईल?"

"तुम्ही जिना सोडलात की जाईल. गेली की येईल."

त्याला कळायला दोन पायऱ्या लागल्या. मग तो हसला. दात सुरेख होते. तो दातांचाच डॉक्टर होता हे नंतर कळलं, म्हणजे त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. तरी तिनं ते लक्षात ठेवलं.

वस्तू: इलेक्ट्रिक गिटार. एका नामांकित वादकाच्या पसंतीनं, त्याच्याच नावानं काढलेलं खास मॉडेल. एकूण नग तीनशे, हा एकशे बारावा. खुंट्या असतात त्या टोकाच्या मागे वादकाची हातानं केलेली सही.

तपासणीचं कारण: एका संग्राहकाला विकायची आहे. तो रिपोर्ट वाचूनच शनिवारी बघायला येणार.

तपासणार: ती. पहिल्यांदाच एकटी.

या शेवटच्या ओळीसाठी तिनं पाच वर्षं वाट बघितली होती. आजवर काम ती करायची आणि सही बाबांची असायची. या वेळी बाबा म्हणाले, "मी फक्त खुर्चीत बसणार. नीट झालं तर पुढचे सगळे रिपोर्ट तुझ्या सहीनं. नाही तर आणखी दोन वर्षं माझ्या हाताखाली."

"ठेवून जा," तिनं डॉक्टरला सांगितलं.

"नको… मी बसतो." दवाखाना दोन ते चार बंद असायचा. तो रोज दोन ते चार येऊन बसणार होता.

मान: सरळ.
फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या): झीज जवळजवळ नाही.

"तुम्ही वाजवलीच नाही?"

"आठ वर्षांपूर्वी आणली तेव्हा दोनदा. मग खराब होईल अशी भीती वाटायला लागली."

"मग आठ वर्षं केलंत काय हिचं?"

"दर महिन्याला पॉलिश."

"डॉक्टर," खुर्चीतून बाबा म्हणाले, "तुम्ही गिटार नाही, चांदीचं भांडं पाळलंय."

मागची बाजू: निर्दोष.

आतल्या तारा: दुसऱ्या दिवशी तिनं मागचं झाकण उघडलं. विजेच्या तारांना डाखाचा एखादा टाका नंतर कुणी लावलाय का, ते बघायचं होतं. ती खिशातला गोल आरसा तिरका करून बघत होती. कोपरा काही दिसेना. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यातला लांब दांडीचा आरसा घेऊन आला.

"निर्जंतुक केलाय," तो गंभीरपणे म्हणाला.

तिनं आरसा आत घातला, जरा वळवला… तारांऐवजी त्याचा डोळा दिसला. तोही वाकून बघत होता.

"डॉक्टर, उजेड अडवताय."

"सॉरी."

पण तो फारसा मागे सरकला नाही. आणि तिनंही पुन्हा सांगितलं नाही.

टाके मूळचेच होते.

वाजवून बघणे:

इथे दुकानाचा एक नियम होता. गिटार मांडीवर घेण्याआधी घड्याळ, अंगठी, कमरेचा पट्टा काढायचा आणि वरून जाड सुती एप्रन बांधायचा. त्या दिवशी एसी फार गार झाला म्हणून तिनं झिपचं जाकीट चढवलं होतं. एप्रन ती बांधणारच होती. तेवढ्यात डॉक्टर सांगायला लागला: एका आजोबांना कवळी बसवली, तर बोलताना शिट्टी वाजायला लागली. "मी म्हटलं, दुरुस्त करतो. तर म्हणाले, बंद नका करू. जरा वरच्या सुरात लावून द्या."

ती इतकी हसली की हसत हसतच गिटार मांडीवर घेतली.

आवाज भरदार, स्वच्छ होता. तारा बोटांना हलक्या. पंधरा मिनिटं ती वाजवत राहिली. मध्येच डॉक्टरला फोन आला म्हणून तो बाहेर गेला. ती गिटार पेटीत ठेवायला वळली आणि उजेड तिच्या मागच्या बाजूवर पडला.

एक ओरखडा. नखाएवढा. झिपच्या उंचीवर.

बाबांना डुलकी लागली होती. हाताशी पॉलिशचा डबा होता. दहा मिनिटं घासलं असतं तर संग्राहकाला काय, बाबांनाही दिसला नसता.

डॉक्टर आत आला.

"इकडे बघा," ती म्हणाली. "हा…"

त्यानं ओरखडा बघितला. मग तिचं जाकीट. मग तिचा चेहरा.

"हा होय? हा जुनाच. गेल्या वर्षी माझ्या पट्ट्यानं पडला. सांगायचं राहिलं."

तिला हायसं वाटलं. अर्धा श्वास. मग तिनं भिंग उचललं.

"तुम्ही दर महिन्याला पॉलिश करता?"

"हो."

"मग जुन्या ओरखड्यात पॉलिश बसून तो पांढरा झाला असता. हा कोरा आहे."

"एखादा महिना राहून गेला असेल…"

"शिवाय तुम्ही पट्टा घालतच नाही. तीन दिवस बघतेय."

"तीन दिवस बघताय?"

"तपासणीचा भाग आहे," ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली. मग भडकली. "खोटं का बोललात? उद्या माझ्या सहीखाली ते खोटं गेलं असतं!"

"तुमचा पहिला रिपोर्ट होता."

"म्हणून?"

"म्हणून नाही…" त्यानं पेटीच्या कडेवरून बोट फिरवलं. "तुम्ही आवडता, म्हणून."

"मग ते सरळ सांगायचं! गिटारला कशाला मध्ये घालता?"

"सांगितलं की आत्ता."

तिनं रिपोर्ट ओढला.

मागची बाजू: ~~निर्दोष~~ ओरखडा एक, लांबी सहा मिलिमीटर. तपासणीच्या वेळी, तपासणाऱ्या व्यक्तीच्या जाकिटाच्या झिपनं, एप्रन न बांधल्यामुळे.
वाजवण्यासाठी: उत्कृष्ट.
संग्रहासाठी: वरची श्रेणी गेली.

खाली सही केली आणि बाबांना उठवून कागद हातात दिला.

बाबांनी चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा वाचलं.

"तीस वर्षांत माझ्या हातून असे दोन ओरखडे पडले," शेवटी ते म्हणाले. "दोन्ही मी भरून टाकले. कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही." त्यांनी शिक्क्याची डबी टेबलावरून तिच्याकडे सरकवली. "आजपासून हे तूच सांभाळ. आणि ते जाकीट फेकून दे."

मग चहा सांगून येतो म्हणत ते जिना उतरले. चहा दुकानातच व्हायचा, हे तिघांनाही माहीत होतं.

रिपोर्ट वाचून संध्याकाळी संग्राहकाचा डॉक्टरला फोन आला. ओरखडा असेल तर नको. डॉक्टर ते सांगायला दोन-दोन पायऱ्या चढत, धापा टाकत वर आला. हे फोनवरही सांगता आलं असतं.

"माझ्यामुळे तुमचं गिऱ्हाईक गेलं," ती म्हणाली.

"गेलं. म्हणजे आता ती मलाच वाजवावी लागणार." तो दारातच उभा होता. "शिकवाल?"

"शिकवण्या मी घेत नाही."

"बरं…" तो वळला.

"डॉक्टर."

"हं?"

"शिकवण्या घेत नाही, एवढंच म्हटलं. शनिवारी मोकळी नाही, असं कुठे म्हटलं?"