रिकाम्या बाटल्यांतला रंग

फ्रीजचं दार उघडलं आणि आहारतज्ज्ञ बाईंचा हात तिथेच थिजला.

बाटल्या जागच्या जागी होत्या. ओळीनं मांडलेल्या, बुचं लावलेल्या, चिठ्ठ्या चिकटवलेल्या. फक्त आत काही नव्हतं. आज सकाळीच त्या बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासायला जायच्या होत्या.

इन्स्पेक्टर बाई पोचल्या तोवर रुग्णालयाच्या संशोधन विभागानं आपला निकाल लावूनही टाकला होता.

"घरचंच प्रकरण आहे," डायरेक्टर खुर्चीतून न उठता म्हणाले. "आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी घोळ घातला. तो बाहेर येऊ नये म्हणून बाटल्या ओतून टाकल्या. नियम म्हणून तक्रार दिलीय; चार ओळी लिहून घ्या, संपलं."

"चार ओळींसाठी कारकून पुरला असता," इन्स्पेक्टर बाईंनी खुर्ची ओढली. "मी आलेय, तर आता विचारणारच. घोळ कसला?"

उत्तर दिलं कार्यालयाच्या अधीक्षकांनी. मऊ बोलणारा, उकाड्यातही कोट न काढणारा माणूस. आहारतज्ज्ञ बाईंच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मेहुणीला ही नोकरी त्यांनीच सुचवली होती.

"काळ्या गाजराच्या रसाचा प्रयोग होता. त्यात अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं. काळ्या द्राक्षांत, जांभळ्या कोबीत असतं तेच. शरीराची झीज रोखतं म्हणतात. संधिवाताच्या निम्म्या रोग्यांना खरा रस दिला, निम्म्यांना तसंच दिसणारं, तसंच आंबट रंगीत पाणी. मेहुणी म्हणते, दोघांत काही फरक नाही. कसा नसेल? माझी आई गोळ्या सोडून याच रसावर आहे! बाटल्यांची अदलाबदल झाली असणार, दुसरं काय."

बोलता बोलता त्यांनी इन्स्पेक्टर बाईंसाठी पेल्यात पाणी ओतलं. कोटाच्या बाहीतून शर्टाचा कफ डोकावला. ओला होता. त्यावर शिंतोडे होते. काही जांभळे, काही हिरवट-निळे.

"पेनं गळली," ते हसले आणि हात मागे घेतला.

"फ्रीजची किल्ली कोणाकडे असते?"

"एक बाईंकडे, एक साहेबांकडे. तिसरी कचेरीत खिळ्याला टांगलेली. कोणीही घ्यावी."

जाहिरात विभागाचे प्रमुख आले तेच हात खिशात घालून.

"हात बाहेर काढा." बोटं जांभळीगर्द होती. "हे काय?"

"पाहुण्यांना रस चाखायला देतो ना मी! सकाळपासून तेच चाललंय. हात धुवायला तरी कोण सोडतंय?"

"बाटल्या गेल्या, तुमचा फायदाच झाला की."

"कसला फायदा? 'संधिवात बरा होतो' असे फलक छापून पडलेत. बाईंच्या सहीशिवाय लावता येत नाहीत. आणि या बाई म्हणजे, मोडतील पण वाकायच्या नाहीत."

त्या बाई शेजारच्या खोलीत ताठ बसल्या होत्या. सकाळपासून कोणी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"तुम्ही ओतल्या बाटल्या?"

"नाही. माझा साक्षीदार मी कशाला मारीन? अदलाबदल झाली नव्हती, हे त्या बाटल्यांनीच सिद्ध झालं असतं."

"मग सही करून मोकळं का होत नाही?"

"चोर म्हणा, वेडी म्हणा, पण खोट्याला माझं नाव लागणार नाही. गाजर खा, द्राक्षं खा, खुशाल खा. चांगलंच आहे. पण या रसानं संधिवात बरा होतो म्हणून गोळ्या सोडा, असं मी कोणाच्या आईला सांगणार नाही."

इन्स्पेक्टर बाई समोर बसल्या. "खरा रस आणि रंगीत पाणी ओळखायचं कसं?"

"खऱ्या रसाचा रंग आंबटात लाल-जांभळा राहतो. साबण, सोडा लागला की हिरवट-निळा पडतो. आम्ही पाण्यात घातलेला रंग मात्र ढिम्म बदलत नाही."

इन्स्पेक्टर बाई उठल्या. "धुण्याचा सोडा मिळेल? आणि एक लिंबू?"

सगळ्यांना फ्रीजसमोर बोलावलं गेलं. डायरेक्टर वैतागले. "रिकाम्या बाटल्यांत काय शोधणार?"

"रिकामी म्हणजे कोरडी नव्हे, साहेब."

प्रत्येक बाटलीच्या तळाशी चार थेंब राहिलेच होते. इन्स्पेक्टर बाईंनी बाटलीमागून बाटलीत सोड्याचं पाणी सोडलं. गोल चिठ्ठीच्या बाटल्या हिरवट-निळ्या झाल्या. चौकोनी चिठ्ठीच्या जांभळ्याच राहिल्या. एकही चुकली नाही.

"गोल म्हणजे?"

"खरा रस," डायरेक्टर नाइलाजानं म्हणाले. चिठ्ठ्यांची खूण त्यांना आणि आहारतज्ज्ञ बाईंनाच माहीत होती.

"म्हणजे अदलाबदल झालीच नव्हती. बाईंना बाटल्या ओतायचं कारणच नाही. साहेब, तुम्हालाही नाही. तुम्हाला खुणा ठाऊक होत्या, तुम्ही ओतण्याऐवजी चिठ्ठ्याच अदलून-बदलून लावल्या असत्या. ओतणाऱ्याला खूण ठाऊक नव्हती, म्हणून त्यानं सरसकट सगळ्या ओतल्या. घाईत दोन्हींचे शिंतोडे अंगावर उडाले. जाहिरातवाल्यांची बोटं एकरंगी आहेत, त्यांनी हात धुतलेच नाहीत. पण एकानं बाही साबणानं धुतली. खऱ्या रसाचे डाग हिरवट झाले, खोट्याचे जांभळे राहिले. एकाच कफावर दोन रंग. अधीक्षकसाहेब, कोट काढता?"

अधीक्षक हलले नाहीत. इन्स्पेक्टर बाईंनी त्यांचा हात धरून कफ बाहेर ओढला आणि त्यावर लिंबू पिळलं. हिरवट शिंतोडे बघता बघता गुलाबी झाले.

"पेनातली शाई लिंबाला लाजत नाही."

"भाऊजी?" आहारतज्ज्ञ बाईंचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "मला चोर ठरवायला निघालात?"

"तुला काही झालं नसतं गं, मी सांभाळून घेतलं असतं," अधीक्षक भिंतीला टेकले. "आईच्या गोळ्या मी बंद केल्या. मीच. तिची बोटं वाकडी झालीत, घास धरता येत नाही. मी रोज म्हणतोय, रस लागू पडेल. तुझा निकाल खरा ठरला तर... तिचे हात मी घालवले, असंच ना?"

डायरेक्टर खाकरले. "झालं ते झालं. तक्रार मागे घेऊ. आणि बाई, तुम्हीही तो निकाल तूर्त बाजूला ठेवा."

"तक्रार आता मागे जात नाही," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या.

"आणि निकालही," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "काढून टाकायचं तर मला काढा."

त्यांनी फोन उचलला. "ताई, तुझ्या सासूबाईंना घेऊन आत्ता डॉक्टरांकडे नीघ. त्यांच्या गोळ्या आजच सुरू व्हायला हव्यात. का? थांब, भाऊजी इथेच आहेत. तेच सांगतील."

त्यांनी फोन अधीक्षकांसमोर धरला, आणि भाऊजींनी तो घेईपर्यंत हात खाली केला नाही.